भारतातील नवोदित वकिलांचे व्यावहारिक प्रशिक्षण

नवोदित वकिलांचे व्यावहारिक प्रशिक्षण म्हणजे कायद्याची पदवी घेणाऱ्या अथवा नुकतीच घेतलेल्या व्यक्तीस प्रत्यक्ष वकिलीसाठी लागणारी कौशल्ये शिकवण्याची व्यवस्था होय. अशिलाची हकीकत ऐकून तिच्यातील कायदेशीर मुद्दे वेगळे करणे, नोटीस, वादपत्र व अर्ज लिहिणे, मुदती सांभाळणे, पुरावा सादर करणे, साक्षीदाराची तपासणी करणे, युक्तिवाद करणे, तडजोडीची बोलणी करणे आणि व्यावसायिक नीतिनियम पाळणे ही त्यातील प्रमुख कौशल्ये मानली जातात.

भारतात सनद मिळण्यापूर्वी अनुभवी वकिलाकडे ठरावीक काळ उमेदवारी करण्याची सक्ती आज नाही. पदवी, राज्य बार कौन्सिलकडील नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा या तीन टप्प्यांनंतर वकिलास कनिष्ठ न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत उभे राहण्याचा अधिकार मिळतो. कामाचे शिक्षण मात्र बहुतांशी सनद मिळाल्यानंतर, ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात होते. हे शिक्षण कोणी द्यावे, केव्हा द्यावे आणि त्या काळात नवोदिताचा निर्वाह कसा व्हावा, हा भारतीय विधी शिक्षणातील दीर्घकाळ चाललेला वाद आहे.

## स्वरूप

कायद्याचे ज्ञान आणि वकिलीचे कौशल्य या परस्परावलंबी, पण भिन्न गोष्टी आहेत. महाविद्यालयात विद्यार्थ्यापुढे येणारा प्रश्न बहुधा तयार तथ्यांसह येतो. त्याला लागू होणारा नियम तेवढा शोधायचा असतो. वकिलाच्या कार्यालयात येणारा माणूस तथ्ये अशी मांडून आणत नाही. तो आपली व्यथा सांगतो. तिच्यात तारखा मागेपुढे झालेल्या असतात, महत्त्वाचे कागद घरी राहिलेले असतात आणि अडचणीची बाब पुष्कळदा सांगायचीच राहून जाते. या कथनातून सिद्ध करता येण्याजोगी हकीकत उभी करणे हे वकिलाचे पहिले काम असते आणि ते केवळ ग्रंथवाचनाने साधत नाही.

दुसरा फरक परिणामांचा आहे. विद्यार्थ्याच्या चुकीने त्याचे गुण कमी होतात. वकिलाच्या चुकीने अशिलाची जमीन, पोटगी किंवा स्वातंत्र्य जाऊ शकते. त्यामुळे वैद्यकीय शिक्षणातील आंतरवासितेशी या प्रशिक्षणाची तुलना वारंवार केली जाते.

## इतिहास

### ब्रिटिश काळ

ब्रिटिश अमदानीत बॅरिस्टर, ॲटर्नी किंवा सॉलिसिटर, उच्च न्यायालयाचे वकील, प्लीडर आणि मुखत्यार असे विधी व्यावसायिकांचे अनेक वर्ग होते. प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी व अधिकार निरनिराळे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने अशिलाशी संपर्क ठेवून कागदपत्रे तयार करावीत आणि बॅरिस्टर किंवा अधिवक्त्याने न्यायालयात बाजू मांडावी, अशी कामाची विभागणी होती. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यास अनुभवी सॉलिसिटरकडे करारबद्ध उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागे. ॲटर्नींचा स्वतंत्र वर्ग १९७६ च्या कायदेदुरुस्तीने संपुष्टात आला. तथापि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा व तिच्याशी जोडलेली उमेदवारी मुंबईत पुढेही चालू राहिली.

मुंबईतील शासकीय विधी महाविद्यालयाची स्थापना १८५५ साली झाली. प्लीडरच्या परीक्षांची तयारी करून घेणारे खासगी वर्गही त्या काळी असत. लोकमान्य टिळकांनी पुण्यात असा वर्ग चालवला होता आणि त्याच्या कामात न. चिं. केळकर यांचे साहाय्य त्यांना लाभले होते. या वर्गांचा भर प्रामुख्याने परीक्षेवर होता.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षेबरोबर 'इन्स ऑफ कोर्ट' या संस्थांमधील ठरावीक भोजनांना उपस्थित राहावे लागे. मात्र भारतीय न्यायालयांतील कामकाजाचे शिक्षण त्यातून मिळत नसे. मोहनदास करमचंद गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयातील आपल्या पहिल्याच प्रकरणात ते साक्षीदाराच्या उलटतपासासाठी उभे राहिले, पण त्यांना एकही प्रश्न सुचला नाही आणि त्यांनी ते काम सोडून दिले. हा प्रसंग त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी त्यांनी हिशेबलेखनाचा अभ्यास केला, तथ्ये बारकाईने तपासली आणि तो वाद लवादाद्वारे मिटवण्यास साहाय्य केले. पदवी आणि कौशल्य यांमधील अंतर दाखवण्यासाठी ही दोन्ही उदाहरणे दिली जातात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. ते १९३५ साली शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

### स्वातंत्र्योत्तर काळ

न्या. एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय बार समितीने १९५३ साली देशभरातील वकिलांची एकच श्रेणी असावी, अशी शिफारस केली. मोतीलाल सेटलवाड हे अध्यक्ष असलेल्या पहिल्या विधी आयोगाने १९५८ सालच्या आपल्या चौदाव्या अहवालात विधी शिक्षणाच्या खालावलेल्या दर्जावर कठोर टीका केली. या मंथनातून अधिवक्ता अधिनियम, १९६१ अस्तित्वात आला. त्याने वकिलांचे जुने वर्ग मोडून 'अधिवक्ता' हा एकच वर्ग निर्माण केला आणि विधी शिक्षणाचा दर्जा राखण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवले.

## कायदेशीर चौकट

### उमेदवारीची तरतूद व तिचा लोप

अधिवक्ता अधिनियमाच्या मूळ कलम २४ मध्ये नोंदणीपूर्वी प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा यांची तरतूद होती. विधी पदवीचा अभ्यासक्रम दोनऐवजी तीन वर्षांचा झाल्यानंतर अशा प्रशिक्षणाची आवश्यकता उरली नाही, अशा विचाराने १९७३ च्या दुरुस्तीद्वारे ती वगळण्यात आली. महाविद्यालयांतील शिक्षण प्रामुख्याने व्याख्यानांवर आधारलेलेच राहिल्याने नोंदणीपूर्व प्रशिक्षणाची जागा रिकामी राहिली.

### १९९५ चे प्रशिक्षण नियम

ही उणीव भरून काढण्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ साली प्रशिक्षण नियम केले. त्यांनुसार नोंदणीपूर्वी अनुभवी वकिलाच्या मार्गदर्शनाखाली एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे ठरले. या नियमांना आव्हान देण्यात आले. 'व्ही. सुदीर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडिया' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये ते रद्द केले. संसदेने जी अट कायद्यातून काढून टाकली आहे, ती बार कौन्सिलला केवळ नियमांद्वारे पुन्हा आणता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सूत्र होते. प्रशिक्षणाची गरज मात्र न्यायालयाने नाकारली नाही.

विधी आयोगाने २००२ साली आपल्या १८४ व्या अहवालात विधी शिक्षणाचा पुन्हा विचार केला. वकिली कौशल्ये आणि पर्यायी वादनिवारण यांच्या शिक्षणावर त्यात भर देण्यात आला.

### अखिल भारतीय बार परीक्षा

बार कौन्सिलने २०१० साली अखिल भारतीय बार परीक्षा सुरू करण्याचा निर्णय घेतला. पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवीधर झालेल्यांना ती लागू आहे. नोंदणी झालेल्या वकिलास ठरावीक मुदतीत ती उत्तीर्ण होऊन व्यवसाय प्रमाणपत्र मिळवावे लागते. परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि टीपा नसलेली कायद्यांची मूळ पुस्तके जवळ ठेवण्यास मुभा असते.

या परीक्षेच्या वैधतेचा प्रश्न घटनापीठापुढे गेला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी 'बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध बोनी फॉय लॉ कॉलेज' या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने परीक्षा वैध ठरवली. ती नोंदणीपूर्वी घ्यावी की नंतर, हे ठरवण्याचा अधिकारही पीठाने बार कौन्सिलला दिला. त्याबरोबरच 'व्ही. सुदीर' प्रकरणातील कायद्याचा अर्थ योग्य नसल्याचे पीठाने नमूद केले. बार कौन्सिलच्या अधिकारांवरील १९९९ ची मर्यादा त्यामुळे दूर झाली. पण सक्तीची उमेदवारी आपोआप पुनरुज्जीवित झाली नाही.

बहुपर्यायी परीक्षेतून कायद्याच्या मूलभूत माहितीची चाचणी होते. उलटतपास, मसुदालेखन किंवा अशिलाशी संवाद यांची पारख तिच्या स्वरूपातच शक्य नसते.

## पदवी अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिक विषय

बंगळूर येथील राष्ट्रीय विधी विद्यालयाची स्थापना १९८७ साली झाली. त्याचे संस्थापक संचालक प्रा. एन. आर. माधव मेनन यांनी पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाबरोबर प्रात्यक्षिक शिक्षणाचाही पुरस्कार केला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रात्यक्षिक विषय सर्व विधी महाविद्यालयांत अनिवार्य झाले. विधी शिक्षण नियम, २००८ नुसार ते पुढीलप्रमाणे आहेत :

* मसुदालेखन, अभिवचने व हस्तांतरणलेखन : वादपत्र, कैफियत, अर्ज, प्रतिज्ञापत्र, अपील तसेच खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र इत्यादी दस्त तयार करणे.
* व्यावसायिक नीतिमत्ता व लेखापद्धती : न्यायालय, अशील, प्रतिपक्ष व सहव्यावसायिक यांच्याविषयीची कर्तव्ये आणि अशिलाच्या पैशाचा हिशेब.
* पर्यायी वादनिवारण : वाटाघाटी, समेट, मध्यस्थी व लवाद.
* अभिरूप न्यायालय व आंतरवासिता : अभिरूप न्यायालयातील युक्तिवाद, एक दिवाणी व एक फौजदारी खटल्याचे निरीक्षण, अशिलाची मुलाखत व खटलापूर्व तयारी यांची रोजनिशी आणि तोंडी परीक्षा.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आंतरवासिता आवश्यक आहे. ती वकील, न्यायालये, विधी सेवा प्राधिकरणे, स्वयंसेवी संस्था किंवा कंपन्यांच्या विधी विभागांत करता येते. अंमलबजावणीचा दर्जा महाविद्यालयागणिक बदलतो. प्रत्यक्ष उपस्थितीवाचून लिहिलेल्या रोजनिशा, तयार नमुन्यांवरून उतरवलेले मसुदे आणि विद्यार्थीसंख्येच्या मानाने अपुरे शिक्षक या त्रुटींची चर्चा नेहमी होते. सनद घेऊन वकिली करणारे पूर्णवेळ अध्यापक होऊ शकत नसल्यामुळे वर्ग आणि न्यायालय यांच्यातील दुवाही क्षीण राहतो.

## प्रमुख कौशल्ये

### अशिलाची मुलाखत व वस्तुस्थितीची पडताळणी

मुलाखतीत अशिलाला प्रथम आपल्या क्रमाने बोलू देणे आणि नंतर तारीखवार प्रश्न विचारणे, ही प्रचलित रीत आहे. प्रत्येक विधानाला कोणता कागद किंवा साक्षीदार आधार देईल, याची नोंद केली जाते. प्रतिकूल बाब आरंभीच विचारून घेणे विशेष महत्त्वाचे असते, कारण ती उलटतपासात प्रथमच उघड झाल्यास सुधारण्यास वाव राहत नाही. जमिनीच्या वादात सातबारा उतारा, फेरफार नोंदी, मोजणीचा नकाशा आणि दुय्यम निबंधकाकडील दस्तांचा शोध यांवाचून वकिलाने मत देऊ नये, असे नवोदितांना सांगितले जाते.

### मुदतीचे भान

अनेक हक्क वेळेत न बजावल्यास नष्ट होतात. धनादेश न वटल्याच्या प्रकरणाचे उदाहरण प्रशिक्षणात सर्रास दिले जाते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीस झालेला विलंब पुरेसे कारण दाखवल्यास माफ होऊ शकतो. नोटिशीच्या विलंबाला तशी सवलत नाही. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत देणे अपेक्षित असते आणि न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच संपतो. म्हणूनच नवोदिताला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या गोष्टींत तारखांची रोजवही ठेवणे ही एक असते.

### मसुदालेखन

वादपत्रात वस्तुस्थिती मांडायची, पुरावा नव्हे. दाव्याचे कारण केव्हा व कोठे घडले, न्यायालयास अधिकार कसा आहे, दाव्याचे मूल्यांकन व न्यायालय शुल्क किती आणि मागणी नेमकी कोणती, हे स्पष्ट लिहायचे असते. जी मागणी केली नाही ती सहसा मिळत नाही आणि जे अभिवचनात मांडले नाही त्याचा पुरावा ग्राह्य धरला जात नाही, ही तत्त्वे मसुद्याच्या दुरुस्तीतून अंगवळणी पडतात. ज्येष्ठ वकिलाने लाल शाईने सुधारलेला मसुदा पुन्हा लिहून काढणे ही या शिक्षणाची परंपरागत पद्धत आहे.

### पुरावा व साक्षीदारांची तपासणी

साक्षीदाराच्या तपासणीचे सरतपास, उलटतपास व फेरतपास असे तीन टप्पे असतात. सरतपासात सूचक प्रश्न विचारण्यास सामान्यतः मनाई असते. उलटतपासात ते विचारता येतात. दिवाणी खटल्यांत सरतपास बहुधा प्रतिज्ञापत्रावर होत असल्याने नवोदिताला तो तोंडी घेण्याचा सराव कमी मिळतो. कोणता प्रश्न विचारू नये याची जाण हे उलटतपासाचे मर्म समजले जाते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यामुळे या कौशल्यात नवी भर पडली आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेतून उद्भवलेल्या 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरण सादर केलेले नसल्यास इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आले. त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिता लागू राहत असल्यामुळे सध्याच्या नवोदितांना जुने व नवे दोन्ही कायदे हाताळावे लागतात.

### तडजोड व मध्यस्थी

प्रत्येक वाद निकालापर्यंत नेणे अशिलाच्या हिताचे असतेच असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९, लोकअदालती आणि मध्यस्थी अधिनियम, २०२३ यांमुळे वाटाघाटींचे कौशल्य महत्त्वाचे झाले आहे. अशिलाची मागणी आणि त्याची खरी गरज यांतील भेद ओळखणे हे या कौशल्याचे केंद्र होय.

### नीतिमत्ता

बार कौन्सिलच्या नियमांनुसार अशिलाच्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवणे, त्याची गुपिते न फोडणे आणि दाव्याच्या फलितात हिस्सा न ठरवणे ही वकिलाची कर्तव्ये आहेत. शुल्क थकले म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली 'आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा' या प्रकरणात ठरवले आहे.

## ज्येष्ठ वकिलाकडील उमेदवारी

सनद मिळाल्यानंतर बहुसंख्य नवोदित एखाद्या अनुभवी वकिलाच्या कार्यालयात 'ज्युनिअर' म्हणून रुजू होतात. या उमेदवारीस विहित अभ्यासक्रम नसला, तरी तिचा क्रम बराचसा ठरलेला असतो. आरंभी न्यायालयाचा दैनंदिन बोर्ड पाहणे, पुकारा झाल्यावर हजर राहणे, पुढील तारीख लिहून घेणे, नक्कलेचे अर्ज करणे, रोजनामा तपासणे, ई-फायलिंग करणे ही कामे येतात. शिरस्तेदार, नाझर, बेलिफ व लिपिक यांच्या कामाची रीत याच काळात समजते. त्यानंतर मुदतीचे अर्ज, पुरसीस, किरकोळ अर्जांवरील म्हणणे असे लेखन सोपवले जाते. जामीन अर्जावर युक्तिवाद, औपचारिक साक्षीदाराची तपासणी आणि अखेरीस संपूर्ण खटला चालवणे हे पुढचे टप्पे होत.

या पद्धतीचे बळ तिच्या प्रत्यक्षतेत आहे. न्यायाधीशाचा कल पाहून युक्तिवाद आवरता घेणे किंवा साक्षीदाराचे उत्तर मिळताच थांबणे अशा गोष्टी पाहूनच शिकता येतात. तिचा दोष असा की शिक्षणाचा दर्जा सर्वस्वी ज्येष्ठाच्या इच्छेवर व सवडीवर अवलंबून राहतो. काही नवोदित वर्षानुवर्षे केवळ तारखा घेत राहतात; काहींना चांगल्याबरोबर चुकीच्या प्रथाही वारशाने मिळतात.

### विद्यावेतनाचा प्रश्न

बार कौन्सिलच्या नियम ४५ नुसार नोंदणीसाठी विहित असलेले प्रशिक्षण देण्याबद्दल शिकाऊ उमेदवाराकडून शुल्क घेणे अनुचित आहे. मात्र ज्युनिअरला वेतन देण्याचे बंधन नियमांत नाही. त्यामुळे आरंभीची काही वर्षे अनेकांना नाममात्र मोबदल्यावर किंवा मोबदल्याविना काढावी लागतात. वडिलोपार्जित कार्यालय किंवा घरचा आर्थिक आधार असलेल्यांना हा काळ निभावता येतो. कुटुंबातील पहिल्या पिढीचे वकील, ग्रामीण भागातून आलेले तरुण आणि अनेक स्त्रिया याच टप्प्यावर व्यवसाय सोडतात.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना किमान विद्यावेतन देण्याबाबत निर्देश दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरी भागात दरमहा २०,००० रुपये व ग्रामीण भागात १५,००० रुपये देण्याची शिफारस केली. ही शिफारस बंधनकारक नाही. लहान तालुक्यातील अनेक ज्येष्ठ वकिलांचे स्वतःचे उत्पन्नही अनिश्चित असते, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे. त्याआधी ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक घेण्यास मनाई केली. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे.

## विधी सेवा केंद्रे

संविधानातील अनुच्छेद ३९-अ आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ यांनुसार गरजूंना विनामूल्य विधी साहाय्य दिले जाते. अनेक विधी महाविद्यालयांत या कामासाठी केंद्रे आहेत. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली अर्ज लिहून देतात, शासकीय योजनांची माहिती देतात आणि कायदेविषयक शिबिरे घेतात. विद्यार्थ्यांना न्यायालयात अशिलाच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार नसल्याने केंद्रांचे काम सल्ला व लेखन यांपुरते मर्यादित राहते.

## महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्र व गोव्यातील वकिलांची नोंदणी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे होते. या प्रदेशातील प्रशिक्षणापुढे भाषेचा एक विशेष प्रश्न आहे. विधी शिक्षण मोठ्या प्रमाणावर इंग्रजीतून होते आणि उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत मात्र साक्षी, कैफियती आणि युक्तिवाद पुष्कळदा मराठीतून होतात. इंग्रजीतून शिकलेल्या नवोदिताला 'ताबा', 'वहिवाट', 'मनाई हुकूम', 'हरकत', 'दरखास्त' यांसारखी परिभाषा कार्यालयात नव्याने आत्मसात करावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या वकिलाला उच्च न्यायालयातील मसुदालेखनासाठी उलट दिशेचा प्रवास करावा लागतो. जुनी खरेदीखते व महसुली अभिलेख मोडी लिपीत असल्यास जाणकाराचे साहाय्य घ्यावे लागते.

गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा असल्याने विवाह, मालमत्ता व वारसा यांचे नियम वेगळे आहेत. वारसांमधील मालमत्तेच्या वाटपाची 'इन्व्हेंटरी' कार्यवाही, पोर्तुगीज भाषेतील जुने दस्त आणि नोंदी यांचे ज्ञान तेथील नवोदिताला स्थानिक ज्येष्ठांकडूनच मिळते.

नवनियुक्त न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. नवोदित वकिलांसाठी जिल्हा वकील संघ व बार कौन्सिल व्याख्याने आणि कार्यशाळा घेतात. त्यांना उपस्थित राहणे ऐच्छिक असते.

## इतर देशांतील पद्धती

इंग्लंड व वेल्समध्ये बॅरिस्टरला साधारणतः १२ महिन्यांची 'प्युपिलेज' ही सवेतन उमेदवारी करावी लागते. सॉलिसिटरसाठी २०२१ पासून नवी अर्हता परीक्षा लागू झाली असून तिच्यासोबत दोन वर्षांचा कार्यानुभव आवश्यक आहे. या परीक्षेच्या दुसऱ्या भागात मुलाखत, मसुदालेखन व युक्तिवाद यांची चाचणी होते. जर्मनीत पहिल्या राज्य परीक्षेनंतर दोन वर्षांचे सवेतन प्रशिक्षण व त्यानंतर दुसरी राज्य परीक्षा असते. भावी न्यायाधीश व वकील दोघेही त्यातून जातात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सक्तीची उमेदवारी नाही, परंतु विधी विद्यालयांतील 'क्लिनिक'मध्ये विद्यार्थी देखरेखीखाली खऱ्या अशिलांची कामे हाताळतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या १९९२ सालच्या मॅक्रेट अहवालाने वकिलाच्या मूलभूत कौशल्यांची यादी तयार केली आणि तिचा प्रभाव अनेक देशांतील अभ्यासक्रमांवर पडला.

## परिणाम व चर्चा

अपुऱ्या प्रशिक्षणाचा सर्वाधिक भार दुर्बल पक्षकारांवर पडतो. संपन्न पक्षकार अनुभवी वकील नेमू शकतो. गरीब आरोपीच्या वाट्याला अनेकदा नवखा वकील येतो. 'अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या फाशीच्या शिक्षेच्या प्रकरणात आरोपीसाठी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१९ रोजी खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. जन्मठेप किंवा फाशी संभवणाऱ्या प्रकरणांत विधी साहाय्यासाठी किमान दहा वर्षे अनुभव असलेल्या वकिलांचाच विचार व्हावा आणि त्यांना तयारीसाठी पुरेसा वेळ मिळावा, असे त्या निर्णयात म्हटले आहे.

वकिलाच्या सदोष सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे करता येते आणि नुकसानभरपाईसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो. पण हे दोन्ही उपाय हानी झाल्यानंतरचे आहेत. त्यामुळे प्रशिक्षणाचे पुरस्कर्ते प्रतिबंधक उपाय म्हणून सक्तीच्या उमेदवारीची मागणी करतात. विरोधकांच्या मते विद्यावेतनाची हमी नसताना अशी सक्ती केल्यास गरीब घरांतील पदवीधरांची वाट आणखी अडेल आणि पुरेशा मार्गदर्शकांअभावी प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरते उरेल.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. २००२ साली ही अट काढून टाकण्यात आली होती. नियुक्तीनंतर न्यायदानास आरंभ करण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षण घ्यावे लागेल, असेही त्या निकालात म्हटले आहे. न्यायाधीशाला न्यायालयाचा प्रत्यक्ष अनुभव असावा, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. अशिलाच्या वतीने त्याच न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलासाठी मात्र पूर्वप्रशिक्षणाची समकक्ष अट या निकालात घालण्यात आलेली नाही.